तलंगांसाठी अंडी घालण्याच्या पेट्या : पहिल्या अंड्यापूर्वीची तयारी

भिवंडी हे नाव उच्चारले की यंत्रमागांचा खडखडाट कानांत घुमतो आणि मुंबई-नाशिक महामार्गालगत गेल्या काही दशकांत उभी राहिलेली गोदामे डोळ्यांसमोर येतात. शहराची वेस ओलांडून पडघा, अनगाव, दुगाड, अंबाडी किंवा वज्रेश्वरीच्या बाजूस गेले की मात्र तालुक्याचे दुसरे रूप दिसू लागते. भातखाचरे, बांधावरची झाडे, पेंढ्याच्या उडव्या आणि घरामागच्या पडवीला लागून असलेले कोंबड्यांचे खुराडे. घरातील कर्ता पुरुष मागावर किंवा गोदामात कामास गेलेला असला, तरी खुराड्याचे दार सकाळी उघडणे आणि तिन्हीसांजेस लावणे हे काम गृहिणीचे. त्यातून जो काही पैसा येतो तोही बहुधा तिच्याच हाती राहतो. मुलांच्या वह्या, अडीअडचणीचे औषध, तेल-मीठ असे खर्च त्यातून परस्पर भागतात. या व्यवसायाचा विचार करताना प्रथम हा पैसा कोणाचा, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

परसातील कुक्कुटपालनास उत्तेजन देण्यासाठी राज्य शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने जी एकात्मिक कुक्कुट विकास योजना राबविली, तीत आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या व ३ नर अशा तलंगांच्या गटाचे ५० टक्के अनुदानावर वाटप करण्याचा समावेश होता. अशा वाटपाच्या वेळी लाभार्थ्यांची निवड, पक्ष्यांची जात, खाद्य, लसीकरण या सर्व बाबींची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु एक साधा प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. तो म्हणजे, ही कोंबडी अंडे घालणार कोठे?

हा प्रश्न राहून जाण्याचे कारणही उघड आहे. आठ-दहा आठवड्यांची तलंग घरी येते तेव्हा अंडी ही दूरची गोष्ट असते. वनराजा, ग्रामप्रिया किंवा गिरिराज यांसारख्या परसातील पालनासाठी विकसित करण्यात आलेल्या जातींची तलंग सुमारे पाच ते सहा महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते. गावठी कोंबडी त्याहूनही उशिरा येते. म्हणजे वाटप आणि पहिले अंडे यांच्यामध्ये तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो. या काळात वाटपाचा गाजावाजा ओसरलेला असतो, भेटी कमी झालेल्या असतात आणि एके दिवशी अचानक लाकडांच्या ढिगामागे एक लहानसे अंडे सापडते. घरात आनंद होतो. प्रत्यक्षात तोवर थोडा उशीर झालेला असतो.

उशीर अशासाठी, की तलंग ज्या ठिकाणी पहिली काही अंडी घालते ते ठिकाण सहसा सोडत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत लागलेली सवय पुढे दीर्घकाळ टिकते, आणि एकीचे पाहून दुसरीही तेथेच जाते. सरपणाच्या ढिगात, उडवीच्या बुडाशी किंवा खुराड्याच्या ओल्या कोपऱ्यात घातलेली अंडी मातीने व विष्ठेने माखतात, पायाखाली फुटतात, मुंगसाच्या, घोरपडीच्या किंवा नागाच्या तोंडी जातात. काही तर मिळतच नाहीत आणि महिन्याभराने कुजलेल्या वासावरून त्यांचा पत्ता लागतो. २५ कोंबड्यांच्या गटातून ऐन भरात दिवसाला १५ अंडी मिळतात असे धरले आणि त्यांतील दोन किंवा तीन अशा रीतीने वाया गेली, तर महिन्याकाठी ६० ते ९० अंडी बुडाली असा हिशेब होतो. खाद्यावरचा खर्च तर झालेलाच असतो. जे बुडते ते नफ्यातून बुडते.

आडोशाची ओढ

आपल्या ग्रामीण भाषेने कोंबडीच्या आयुष्यातील प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र शब्द दिला आहे. अंड्यावर येण्याच्या उंबरठ्यावर असलेली ती तलंग. अंडी उबवण्याच्या ओढीने बसून राहणारी ती खुडूक. ज्यांनी हे शब्द घडविले त्यांनी पक्ष्याचे वागणे नीट निरखले होते, यात शंका नाही. जुन्या घरांतून पडवीच्या कोपऱ्यात राख किंवा पेंढा घातलेली टोपली ठेवण्याची आणि गोळा करताना तीत एक अंडे तसेच राहू देण्याची जी रीत होती, तिच्यामागेही हेच निरीक्षण होते.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा हा होय. सह्याद्रीच्या रानांत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही तिच्या वंशात अल्पसा वाटा आहे. पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. रानातील मादी झुडपाखाली, पाचोळ्यात उथळ खळगा करून, चारी बाजूंनी झाकलेल्या जागी अंडी घालते. हजारो वर्षे माणसाच्या अंगणात वावरूनही कोंबडीची ही आडोशाची ओढ गेलेली नाही. एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात असे दाखवून दिले, की घरटे शोधण्याची ही धडपड बाहेरच्या कोणत्याही कारणावर अवलंबून नसते. अंडाशयातून आदल्या दिवशी बलक सुटला, की त्यामागे उरलेल्या आवरणातून शरीराला जी सूचना मिळते तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी कोंबडी अस्वस्थ होऊन जागा शोधू लागते. पेटी असो वा नसो, शोध होणारच. पालकाच्या हाती एवढेच असते, की तो शोध आपल्याला हव्या त्या ठिकाणी संपावा.

येथे एक खुलासा करणे योग्य होईल. मोठ्या व्यापारी अंडी उत्पादन केंद्रांत कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात ठेवल्या जातात. तेथे पेटी नसते. अंडे उतरत्या जाळीवरून घरंगळत पुढे येते. पेटीचा प्रश्न परसातील मोकळ्या पालनात आणि गादी पद्धतीत येतो. युरोपीय देशांनी जुन्या पद्धतीचे उघडे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले आणि त्यासाठी १९९९ मध्ये जे निर्देश काढले, त्यांत घरट्याची सोय बंधनकारक करून, स्वतंत्र घरटी असल्यास सात कोंबड्यांमागे निदान एक घरटे असावे असे ठरविले. भिवंडीच्या पडवीतील टोपली त्या अर्थाने मागासलेली नाही.

केव्हा तयारी करावी

साधारण नियम असा, की पहिले अंडे अपेक्षित असेल त्याच्या दोन ते तीन आठवडे आधी पेट्या खुराड्यात बसविलेल्या असाव्यात. सुधारित जातींच्या बाबतीत १६ ते १८ आठवड्यांचे वय हा सोयीचा काळ होय. तलंगांना पेट्यांत डोकावयास, आत जाऊन बाहेर यावयास अवधी मिळतो आणि पेटीची भीती मोडते. नवी वस्तू दिसली की कोंबडी प्रथम बिचकते. अंड्याची घाई झालेली असताना बिचकलेली कोंबडी परत जुन्या कोपऱ्यातच जाते.

वयाची नोंद नसेल तर पक्ष्यांकडे पाहून अंदाज बांधता येतो. फिकट, आखडलेला तुरा वाढू लागतो व लालभडक होतो. गळ्याखालचे कल्लेही तसेच होतात. पाठीवर हात ठेवताच तलंग पंख किंचित पसरून खाली बसते. ही खूण दिसली म्हणजे पहिले अंडे फार दूर नाही असे समजावे. शेपटीच्या खाली दोन्ही बाजूंना हाडांची जी टोके हाताला लागतात, त्यांमध्ये आधी जेमतेम एक बोट मावते. अंड्यावर आलेल्या कोंबडीत दोन ते तीन बोटे मावतात. शिवाय ती कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरू लागते, पायांनी पाचोळा उकरते आणि लांबवलेल्या सुरात आवाज काढते. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हा आवाज बरोबर ओळखता येतो.

ऋतूचाही येथे संबंध आहे. अंडी देण्याचे चक्र दिवसाच्या प्रकाशावर अवलंबून असते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर डिसेंबरात तो अकरा तासांपर्यंत उतरतो. ज्या तलंगांचे वय दिवाळीनंतर भरते, त्या लहान होत जाणाऱ्या दिवसांमुळे काहीशा उशिराने अंड्यावर येतात. अशा वेळी पेट्या महिनाभर रिकाम्या दिसल्या म्हणून त्यांचे लाकूड चुलीत घालण्याची घाई करू नये.

पेटी कशी असावी

चार ते पाच कोंबड्यांमागे एक पेटी, हे प्रमाण पुरेसे आहे. २५ माद्यांच्या गटास पाच पेट्या लागतील. सहावी असल्यास सोयीचे, कारण एखादी खुडूक होऊन एक पेटी अडवून बसतेच. पेट्या कितीही केल्या तरी कोंबड्या त्यांतील एक-दोन पसंत करून त्यांच्यापुढेच रांग लावतात, असा अनुभव सर्वत्र येतो. त्याबद्दल चिंता करण्याचे कारण नाही. मात्र पेट्या फारच कमी असतील तर रेटारेटीत अंडी फुटतात.

एका पेटीची रुंदी व खोली प्रत्येकी ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट, आणि उंची ३५ सेंटिमीटर असावी. वनराजा किंवा गिरिराज यांसारख्या अंगाने भारी जातींसाठी रुंदी व खोली ३५ सेंटिमीटर धरावी. कोंबडीला आत वळता आले पाहिजे, परंतु दोघींना एकदम बसता येऊ नये, हे या मापामागील तत्त्व आहे. तीन बाजू बंद व समोरची उघडी ठेवून, उघड्या बाजूस तळाशी १० ते १२ सेंटिमीटर उंचीची फळी मारावी. या उंबऱ्यामुळे आतील भुसा बाहेर सांडत नाही आणि अंडे घरंगळत नाही. छप्पर चांगले उतरते असावे. सपाट छपरावर कोंबड्या रात्री बसतात आणि खालची पेटी घाण होते.

पेट्यांची रांग जमिनीपासून एक ते दीड फूट उंचीवर, भिंतीलगत, खुराड्याच्या सर्वांत कमी उजेडाच्या बाजूस ठेवावी. समोर चार-सहा इंच अंतरावर एक आडवी दांडी बसविली म्हणजे कोंबडीला तिच्यावर उडी घेऊन आत डोकावता येते. भारी अंगाच्या तलंगांना ही उडी जड जाते असे दिसल्यास प्रारंभी पेट्या विटांच्या एका थरावर ठेवून, सवय लागल्यावर त्या वर घ्याव्यात. रात्री झोपण्यासाठी लावलेल्या दांड्या मात्र पेट्यांपेक्षा उंच असल्या पाहिजेत. कोंबडी रात्री मिळेल त्या सर्वांत उंच जागी बसते. पेटीच उंच असेल तर ती पेटीतच झोपेल, आणि रात्रभराची विष्ठा तेथेच साठेल. पहिले काही दिवस संध्याकाळी पेटीच्या तोंडाला गोणपाट लावून ते पहाटे काढले, तर ही खोड लागत नाही.

साहित्यासाठी फार खर्च करावा लागत नाही. गोदामांच्या परिसरात माल बांधून आलेली लाकडी खोकी अल्प किमतीत मिळतात. दोन खोकी आडवी ठेवून मध्ये फळी घातली की चार कप्पे तयार होतात. भाजीची प्लास्टिकची क्रेट आडवी करून तिच्या जाळीदार बाजूंवर गोणपाट शिवले तरी चालते, आणि ती धुण्यास सोपी जाते. बुरुडाकडून घेतलेली खोलगट टोपली, तोंड फुटलेला माठ किंवा आडवा ठेवलेला रांजणही उपयोगी पडतो. माठ कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगडांची उटी द्यावी. लाकडी पेटीला खिळ्यांची टोके आतून राहिलेली नाहीत ना, हे हात फिरवून पाहणे हा अगदी बारीकसा, पण अनेकदा विसरला जाणारा भाग आहे.

याच परिसरातील दोन वस्तूंविषयी मात्र स्पष्ट इशारा देणे भाग आहे. गोदामांतून रसायनांची प्लास्टिकची पिंपे व कॅन स्वस्तात मिळतात. ती अर्धी कापून पेट्या करण्याचा मोह होतो. आत काय होते हे ज्यास ठाऊक नाही, त्याने असे पिंप घरात आणूच नये; वास गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. दुसरी वस्तू म्हणजे यंत्रमागांतून निघणारे वाया गेलेले सूत. मऊ, फुकट आणि गादीसारखे दिसणारे हे सूत पेटीत घालणे अनेकांना सुचते. परंतु त्याचा एखादा धागा कोंबडीच्या बोटांभोवती गुंडाळला गेला की हालचालीबरोबर आवळत जातो, रक्तप्रवाह थांबतो आणि बोट झडते. धागा गिळला गेल्यास गळ्याच्या पिशवीत त्याचा गोळा होतो. लांब पेंढ्याचाही काहीसा असाच दोष आहे, म्हणून पेंढा वापरावयाचा तर तो बोटभर लांबीचा कापून घ्यावा.

गादी आणि पावसाळा

पेटीच्या तळाशी गोणपाटाचा एक थर देऊन त्यावर सुमारे तीन इंच जाडीची कोरडी गादी घालावी. भातगिरणीवर मिळणारे तूस या भागात सर्वांत सुलभ होय. सुताराच्या रंध्यातून निघणारा लाकडाचा पातळ कीस त्याहून चांगला, कारण तो उकरला तरी तितकासा उडत नाही. करवतीचा बारीक भुसा टाळावा. तो डोळ्यांत व श्वासात जातो आणि ओल्या अंड्याला चिकटतो.

ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो. श्रावणात पडवीतील मीठही पाणी सोडते, तेथे तुसाची काय कथा. ओलसर गादीवर बुरशी धरते. ही बुरशी श्वासावाटे कोंबड्यांच्या फुप्फुसांत गेली की त्यांना धाप लागते व त्या दगावतातही. म्हणून उन्हाळ्यात, मृगाच्या आधीच, तुसाची दोन-तीन पोती वाळवून घट्ट बांधून माळ्यावर ठेवावीत आणि पावसाळ्यात आठवड्यातून निदान एकदा पेटीतील वरचा थर बदलावा. मुठीत दाबलेले तूस मूठ उघडताच मोकळे झाले तर ते कोरडे आहे. गोळा राहिला तर ते काढून टाकावे. पेट्यांच्या मागची भिंत कुडाची असेल तर तिच्यातून येणारी झड अडविण्यासाठी बाहेरून प्लास्टिकचा कागद लावावा, मात्र वारा खेळण्यासाठी वरची जागा मोकळी ठेवावी.

सवय लावणे

पेटी बसविली म्हणजे काम संपले असे नाही. तलंगांना ती दाखवावी लागते. प्रत्येक पेटीत एक नकली अंडे ठेवणे हा त्यासाठीचा जुना व खात्रीचा उपाय होय. कुंभाराकडून मातीचे भाजून घेतलेले व चुन्यात बुडवून पांढरे केलेले अंडे, सुताराकडून घडवून घेतलेले लाकडी अंडे किंवा नदीतील गुळगुळीत पांढरा गोटा यांपैकी काहीही चालते. खरे अंडे ठेवू नये. ते उष्णतेने नासते आणि फुटल्यास अनर्थ करते. दुसऱ्या कोणीतरी येथे अंडे घातले आहे, म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा कोंबडी त्याचा अर्थ घेते.

कोंबडीच्या शरीरात एक अंडे पूर्ण होण्यास सुमारे २५ तास लागतात. त्यांतील २० तास केवळ कवच घडण्यात जातात. त्यामुळे अंड्याची वेळ दररोज थोडी पुढे सरकते. तरीही बहुतेक अंडी सकाळच्या प्रहरी, उजाडल्यापासून साधारण अकरा वाजेपर्यंत घातली जातात. साहजिकच पहिले दोन आठवडे तलंगांना सकाळी लवकर बाहेर सोडू नये. दहा-अकरापर्यंत त्या पेट्या असलेल्या खुराड्यातच राहिल्या, तर त्यांना पेटीवाचून दुसरा चांगला आडोसा मिळत नाही. शेतावर जाण्याच्या घाईत ही गोष्ट गैरसोयीची वाटेल. परंतु दोन आठवड्यांची ही गैरसोय पुढचे वर्षभर उडवीखाली हात घालण्यापासून वाचवते. या काळात खुराड्याच्या कोपऱ्यांत फळी, वीट किंवा दगड ठेवून ते बोथट करावेत, आणि जमिनीवर अंडे दिसताच ते ताबडतोब उचलावे. जमिनीवर बसू पाहणारी तलंग हळूच उचलून पेटीत ठेवावी. ओरडून किंवा काठीने हुसकू नये, कारण पेटी आणि भीती यांची सांगड एकदा बसली की ती सुटत नाही.

अंधार कशासाठी हवा, याचे उत्तर येथेच दिले पाहिजे. अंडे बाहेर पडते त्या क्षणी मार्गाचा ओलसर, तांबडा भाग किंचित बाहेर येतो व पुन्हा आत जातो. पहिल्या काही अंड्यांच्या वेळी तो आत जाण्यास जरा वेळ लागतो. उजेडात, इतर कोंबड्यांच्या नजरेसमोर हे घडले तर त्या लाल रंगाकडे आकृष्ट होऊन तेथे टोचा मारतात, रक्त येते, आणि रक्त दिसले की सारा कळप तुटून पडतो. चांगली वाढलेली, पहिल्याच आठवड्यातील तलंग अशा रीतीने तासाभरात मरते. ज्या घराने तीन महिने तिला खाऊ घातले, त्या घराचा हा तोटा केवळ एका फळीच्या आडोशाने टळू शकतो. पेटीच्या तोंडावर वरच्या अर्ध्या भागात गोणपाटाची झालर सोडावी, असे सांगितले जाते ते याचसाठी.

अंडी खाण्याची खोडही बहुधा पेटीतच लागते. पातळ कवचाचे अंडे फुटते, कोंबडी त्यातील बलक चाखते आणि मग धडधाकट अंडीही फोडू लागते. यावर गादी जाड ठेवणे व अंडी वारंवार गोळा करणे हे उपाय आहेतच. परंतु कवच मुळात मजबूत होण्यासाठी कोंबडीला चुनखडी मिळाली पाहिजे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते रोज कोठून तरी यावयास हवे. अंडी सुरू होण्याच्या सुमारास वाढीच्या खाद्याऐवजी अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य सुरू करावे, आणि शिंपल्यांचा भरडलेला चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला गरज असेल ती स्वतः खाते. मात्र हे खाद्य फार आधी, कोवळ्या वयात सुरू करू नये. जादा कॅल्शियम तलंगांच्या मूत्रपिंडांना बाधते.

पेटीची निगा आणि अंड्यांची उचल

अंडी दिवसातून तीन वेळा गोळा करावीत : सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी बाराला व संध्याकाळी चार वाजता. ताजे अंडे गरम व किंचित ओलसर असते. ते थंड होताना आतील भाग आकसतो आणि कवचावरील हजारो सूक्ष्म छिद्रांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या वेळी कवचावर घाण असेल तर तीतील जंतूही आत जातात. हे लक्षात घेतले म्हणजे स्वच्छ पेटीत पडलेले अंडे आणि घाणीत पडून नंतर धुतलेले अंडे, ही दोन्ही सारखी का नव्हेत, ते कळते. अंड्यावर निसर्गतः एक पातळ संरक्षक लेप असतो. तो धुण्याने जातो. थोडी माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. फार माखलेले अंडे विकावयास न नेता घरी त्याच दिवशी शिजवून वापरावे.

पेटीच्या सांध्यांत दिवसा दडून बसणारी व रात्री कोंबड्यांचे रक्त शोषणारी एक बारीक लाल कीड असते. कोंबड्या अचानक पेट्या टाळू लागल्या, त्यांचे तुरे फिकट पडले, तर प्रथम पेटीच्या फटीतून सुरी किंवा काडी फिरवून पाहावी. तिला लाल डाग लागल्यास निदान झाले. पेटी बाहेर काढून सांध्यांत उकळते पाणी ओतावे, कडक उन्हात वाळवावी व चुना लावावा. औषधाची फवारणी करावयाची झाल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घेऊनच करावी, कारण अंडी रोज खाल्ली जात असतात.

खुडूक कोंबडी हा गावठी गटात हमखास येणारा प्रश्न आहे. पिल्ले हवी असतील तर तिला अंड्यांसह दुसऱ्या शांत जागी, वेगळ्या टोपलीत बसवावे. पिल्ले नको असतील तर चार-पाच दिवस हवेशीर डालग्याखाली, गादीशिवाय, दाणापाणी देऊन ठेवावे म्हणजे ती ओढ ओसरते. पाण्यात बुडविण्याचा जुना प्रकार निरर्थक व क्रूर आहे.

गावाच्या पातळीवर

राष्ट्रीय पोषण संस्थेने दरडोई वर्षाला १८० अंड्यांची शिफारस केलेली आहे. आदिवासी क्षेत्रासाठी आखण्यात आलेल्या अमृत आहार योजनेत लहान मुलांच्या आहारात अंड्यांचा समावेश करण्यात आला, त्यामागेही हाच विचार होता. भिवंडी तालुक्यातील पाड्यांवरून फिरणाऱ्या शिक्षकास हे आकडे नव्याने सांगण्याची गरज नाही. पाच माणसांच्या कुटुंबास या हिशेबाने वर्षाला ९०० अंडी लागतील. २५ कोंबड्यांचा नीट सांभाळलेला गट ही गरज भागवून बाजारासाठीही पुरेशी अंडी देऊ शकतो, आणि तपकिरी कवचाच्या अंड्याला शहराच्या बाजारात पांढऱ्यापेक्षा सहसा अधिक दर मिळतो.

तलंगांच्या गटाचे वाटप ज्या गावात होते, तेथे ग्रामपंचायतीने वाटपाच्या दिवशीच लाभार्थ्याच्या नावापुढे पक्ष्यांचे वय व त्यावरून पेट्या बसविण्याची तारीख लिहून ठेवली, तर मधल्या तीन महिन्यांतील विसर टाळता येईल. आठ आठवड्यांची तलंग १ जूनला आली असेल, तर ती २७ जुलैला १६ आठवड्यांची होते. पेट्यांची तारीख तीच. नमुन्याची एक पेटी पंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या व्हरांड्यात मापांसह मांडून ठेवल्यास गावातील सुतार व बचतगटातील महिला ती पाहून दुसरी करू शकतात. छापील पत्रक वाचण्यापेक्षा वस्तू पाहणे गावात अधिक उपयोगी पडते. शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांना पेटीतील व पेटीबाहेरील अंड्यांची महिनाभर रोज वेगवेगळी नोंद ठेवण्यास सांगितले, तर गणिताचा एक चांगला पाठ होईल आणि पेटी कोठे चुकली आहे हेही त्या वहीतून कळेल. पेटीबाहेरील अंडी एकाच कोपऱ्यात सापडत असतील तर एक पेटी उचलून त्या कोपऱ्यातच न्यावी. चार दिवस कोंबड्या तीत अंडी घालू लागल्या, की ती रोज वीतभर सरकवीत मूळ रांगेत आणावी.

खरी अंडी पेटीत नियमित पडू लागल्यावर नकली अंडी लगेच काढून घेऊ नयेत. गटातील शेवटची तलंग अंड्यावर येण्यास पहिलीनंतर महिना-दीड महिनाही लागतो, आणि तिलाही जागा दाखवावयाची असते.